कान ओढला की हात सोडायचा

ताई, तुला जाऊन अकरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडूनच राहिले. चहा ठेवताना भांडते, अंघोळ करताना भांडते. परवा अधारतालच्या रस्त्यावर दोडके निवडता निवडता एवढ्या मोठ्यानं बोलले की भाजीवाला म्हणाला, "दीदी, हमसे कुछ कहा?" मी म्हटलं, तुमसे नहीं भैया, अपनी बहन से. तो माझ्या मागं वाकून पाहायला लागला.

एक गोष्ट सांगायची राहिली, म्हणून लिहायला बसले. गेल्या महिन्यात तुझ्या पलंगावर आपण दोघी सात-आठ खेळत होतो. तुझ्या हातात पानं धरायचीही ताकद नव्हती, उशीवर मांडून खेळत होती. मधेच तू विचारलं, "शालू, त्या रविवारी मी कान ओढला होता. तुला दिसलं होतं का गं?" मी म्हटलं, नाही. तू म्हणाली, "अच्छा. चल, पान टाक." मी खोटं बोलले, ताई. बस, एवढंच आहे. पण एवढं सांगायला मला मुळापासून सुरू करावं लागेल, मी कधी थोडक्यात बोलले आहे का?

आपल्या घरात पत्ते आणि मार एकाच वयात शिकवले गेले. नागपूर तिकडं महाराष्ट्रात गेलं आणि बाबा रेल्वेच्या नोकरीपायी जबलपुरातच राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर सगळी हिंदी. बाबा म्हणायचे, "पोरींनो, मराठी विसरल्या तर माफ करीन, हुकूम कोणता ते विसरल्या तर कानाखाली देईन." आणि द्यायचे. गार्ड होते ना, सगळ्या गोष्टी डबे जोडल्यासारख्या एकामागं एक लावायचे. खेळांचेही त्यांनी डबे केले होते. पहिल्या डब्यात हात करायचे खेळ. प्रत्येकानं एकेक पान टाकायचं, ज्याचं मोठं त्याचा हात. दोघांना सात-आठ, तिघांना पाच-तीन-दोन, चौघांना मेंढीकोट. दुसऱ्यात हातातली पानं संपवायचे खेळ, बदाम सात, झब्बू, गुलामचोर. तिसऱ्यात जुळवायचे, म्हणजे रमी. आणि शेवटच्या डब्यात तोंड सरळ ठेवून खोटं बोलायचे, चॅलेंज आणि तीन पत्ती. तीन पत्ती आपल्याला मना होती. "तो खेळ नाही, रोग आहे," म्हणायचे, आणि दिवाळीला स्वतः कुठं जाऊन बसायचे ते आईलाच माहीत.

काय एकेक मारामाऱ्या केल्या आपण! गुलामचोरात तू चोर झाली आणि मी कोळशानं तुला मिशा काढायला आले, तर तू माझ्या मनगटाला अशी चावली की रक्त आलं. आई आतून म्हणाली, "झाल्या का मिशा काढून? मग जेवायला या." बदाम सातात तू सत्ती दाबून ठेवायची, माझी चार-चार पानं अडकायची, मी तुझ्या वेणीला लोंबकळायची. आणि पाच-तीन-दोनमध्ये तू माझ्याकडून हुकमाचा एक्का ओढून नेला तेव्हा मी पाट उचलून फेकला. तुझ्या डाव्या भुवईतला तो व्रण शेवटपर्यंत होता. तुला आंघोळ घातली त्या दिवशी मी त्यावरून बोट फिरवलं. रागात माझ्या हाताला लगाम नाही, हे तू सगळ्यात आधी ओळखलं होतं.

पण मेंढीकोट आला की आपण भिडू. एकीकडं आई-बाबा, एकीकडं आपण, समोरासमोर. दहाच्या पानाला आपण घरात मेंढी म्हणायचो, बाहेरची पोरं दहला म्हणायची, त्यांच्या खेळाचं नाव दहला पकड. नावं वेगळी, खेळ तोच. चारही दहे एकाच जोडीनं नेले की कोट, आणि कोट खाल्लेल्यानं आठवडाभर तोंड लपवायचं. ह्या खेळात बाबांचा एक कायदा होता, तो जगात दुसऱ्या कोणत्या घरात असेल असं मला वाटत नाही. चूक एकीनं केली की थप्पड दुसरीला. "जिनं चूक केली तिला मारलं तर ती उद्या विसरते. भिडूला मारलं की जन्मभर ध्यानात राहते." मी घाईत पान टाकायची आणि गाल तुझा लाल व्हायचा. तू रडायची नाही, माझ्याकडं पाहायची. त्या पाहण्यापेक्षा थप्पड बरी होती. मोठेपणी हे सगळं आपण पाहुण्यांना गंमत म्हणून सांगायचो आणि पाहुणे पोट धरून हसायचे. काहून हसायचे देव जाणे.

त्या मारापायीच तू खुणा काढल्या. नाक खाजवलं की हुकूम माझ्यापाशी आहे. बांगडी फिरवली की मेंढी माझ्यापाशी आहे. डावा कान ओढला की हात सोड, हा हात त्यांना जाऊ दे, काहून ते विचारू नको. बाबांनी एकदा पकडलं आणि पट्टा काढला. दोघींनाही मिळाला, त्या दिवशी कायदा गुंडाळून ठेवला त्यांनी. खुणा मात्र आपण सोडल्या नाहीत.

मग तू लग्न होऊन जबलपुरातच घमापुरला गेली. भाऊजी फॅक्टरीत लेथवर, दिसायला देखणे, बोलायला गोड, पत्त्यांचे शौकीन. आईला वाटलं सोन्यासारखं स्थळ मिळालं. मला सरकारी ऑफिसात नोकरी लागली, लग्न काही जमलं नाही, आणि जमलं नाही ह्याचं मला दुःखही नव्हतं. दर रविवारी मी तुझ्याकडं जेवायला यायची. जेवण झालं की सतरंजी पसरायची, भाऊजी आणि फॅक्टरीत त्यांच्याच शॉपमधले तिवारीजी एका बाजूला, तू-मी एका बाजूला. आपण दोघी त्यांना धुऊन काढायचो. तिवारीजी कपाळावर हात मारून म्हणायचे, "दोनों बहनें जादूगरनी हैं!" भाऊजी हसायचे. मी तुला टाळी द्यायची. पहिले कितीतरी महिने तू टाळी जोरात द्यायची, मग नुसती हाताला हात लावायला लागली.

एकदा तुझ्या दंडावर निळं पाहिलं. तू म्हणाली, नळावर घसरले. एकदा कानामागं फुटलेलं पाहिलं. पुन्हा नळ. मी ऑफिसातून मधल्या वारी अचानक यायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण जिंकलो त्या रविवारनंतरच तू घसरायची. हरलो तर नाही. हरलो की भाऊजी स्वतः कोपऱ्यावर जाऊन मुगाचे गरम मंगोडे आणायचे, तुला पहिला घास द्यायचे. मग एका रविवारी डाव चांगला रंगात असताना तू डावा कान ओढला. तिथं हात सोडायचं काहीच कारण नव्हतं. मी तुझ्याकडं पाहिलं, तू पानांकडं पाहत होती. मी समजले. हात सोडला. असे तीन रविवार मी हात सोडले, ताई. तुला माहीत नाही मला किती जड गेलं. घरी येऊन मी उशी बुक्क्यांनी फोडली होती, कापूस झाडता झाडता पहाट झाली.

चौथ्या रविवारी भाऊजी भलतेच खुशीत होते. पानं पिसता पिसता म्हणाले, "काय साळीबाई, फाईल बरी चालवता, पान चालवता येत नाही. असंच करता म्हणून लग्नाचा डाव गेला तुमचा." तिवारीजी हसले. तूही हसली, हसावं लागतं म्हणून. तिथंच माझं डोकं फिरलं.

त्या डावात इस्पिक हुकूम होता. तीन मेंढ्या आपल्याकडं येऊन पडल्या होत्या, उरली होती चौकटीची. शेवटचे दोन हात. तिवारीजींनी चौकटीचा राजा टाकला, एक्का आधीच पडून गेला होता. तू चौकटीची तिर्री टाकली. भाऊजींनी आपली लपवून ठेवलेली मेंढी वाजवून राजावर ठेवली, "घे!" म्हणून. आता पाळी माझी. माझ्याकडं चौकट नव्हती. होतं एक किलवरचं बिनकामाचं पान आणि हुकमाची छक्की. किलवर टाकलं असतं तर मेंढी त्यांची, डाव आपलाच राहिला असता, पण कोट चुकला असता. तू कान ओढला. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा एवढ्या जोरात ओढला की कानातली बाळी हलताना मला दिसली.

मी छक्की टाकली. "कोट!" म्हणून ओरडले मी. सतरंजीवर थाप मारली. तुझ्याकडं पाहिलंच नाही.

भाऊजी उठले, हात जोडून म्हणाले, "मानलं बुवा." स्वतः खाली येऊन मला रिक्षा करून दिली, "दीदी को आराम से ले जाना" म्हणाले रिक्षावाल्याला. ऊन चांगलं वर होतं. मी अधारतालला घरी पोचून चहा घेतला असेल-नसेल, तेवढ्यात तिकडं त्यांनी कुकरच्या झाकणानं तुझा जबडा मोडला.

हात त्यांचा होता. त्यांचं पाप मी माझ्या पदरात घेणार नाही, एवढी चांगली बाई मी नाही. पण पान माझं होतं, आणि ते कोणाच्या तोंडावर पडणार हे मला ठाऊक होतं. बाबांच्या घरात वाढलेली मुलगी मी, चूक कोणाची आणि थप्पड कोणाला हे मला कोणी नव्यानं शिकवायची गरज नव्हती.

दवाखान्यात तू तारेनं बांधलेलं तोंड घेऊन पडली होती. पायरीवरून घसरली, असं सगळ्यांना सांगितलं होतं. तुला बोलता येत नव्हतं, नळीनं वरणाचं पाणी पीत होती. मी खुर्ची ओढून बसले आणि तू काही विचारलं नसताना, पहिलं वाक्य हे बोलले, "ताई, आईशप्पथ, मला काही दिसलंच नाही." तू डोळे मिटून घेतले. आईची खोटी शपथ घेतली मी, आणि आई तेव्हा बाहेर बाकावर बसून रडत होती.

बोलता यायला लागल्यावर तुझं-माझं जे भांडण झालं ते अजून संपलेलं नाही. मी म्हणाले, सोड ह्या माणसाला, माझ्याकडं ये, माझा पगार दोघींना पुरतो. तू म्हणाली, सोपं नसतं. मी म्हणाले, भित्री आहेस तू, मार खायची सवय लागली तुला. तेव्हा तू जे म्हणाली ते माझ्या कानात अजून आहे. "तुला एक हात सोडवत नाही शालू, अन् मला घर सोडायला सांगते?" मी न समजल्यासारखं केलं. उठून कपबश्या विसळायला गेले. तुला तेव्हाच माहीत होतं ना? मग शेवटच्या महिन्यात काहून विचारलं? खात्री करायची होती, की मला बोलायची एक संधी देऊन राहिली होती? बघ, हे भांडण मी आता कोणाशी करू?

आणि मग तू जे केलं, बाप रे. मी ते सांगताना अजूनही थरथरते, भीतीनं नाही, आनंदानं. तुझ्या जबड्याची तार सुटून दोन महिने झाले असतील. पुन्हा रविवार, पुन्हा सतरंजी, पण मेंढीकोट नाही, चॅलेंज. पालथी पानं टाकून "तीन राण्या" म्हणायचं, समोरच्याला खोटं वाटलं तर त्यानं उघडून पाहायचं. तू सरोत्यानं सुपारी कातरत खेळत होती. भाऊजींनी "चार एक्के" म्हटलं. तू शांतपणे म्हणाली, "चॅलेंज. खोटं बोलता तुम्ही." पानं उघडली तर दोनच एक्के. भाऊजींनी आमच्यासमोर, पहिल्यांदाच आमच्यासमोर, तुझ्यावर हात उगारला. तू त्यांचं दुसरं मनगट सतरंजीवर गुडघ्याखाली दाबलं आणि मिटलेला सरोता बोटांवर घातला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा हाड मोडल्याचा आवाज आला. तिवारीजी चपला विसरून पळाले. भाऊजी गुरासारखे ओरडत होते. तू म्हणाली, "अजून आठ आहेत." आणि सुपारी तोंडात टाकली.

दोन बोटं वाकडीच राहिली त्यांची. तेरा पानं पंख्यासारखी धरता येईनात. मग तूच सुताराकडून खाच पाडलेली पट्टी करून आणली, त्या खाचेत पानं उभी करून ते खेळायचे. फॅक्टरीत सांगितलं, दारात बोटं सापडली. त्यानंतर त्यांनी कधी हात लावला नाही तुला. आणि तुम्ही दोघं त्या पट्टीसकट चाळीसेक वर्षं रोज संध्याकाळी रमी खेळला, हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलं तर म्हणायची, "तुला नाही कळायचं." खरं सांगू? माझा जळफळाट व्हायचा. ते तीन घाव माझ्या वाट्याचे होते. मी द्यायला पाहिजे होते. मी छक्की टाकून बसले, आणि घाव तुला घालावे लागले.

तरी तू मला तोडलं नाही. माझ्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा वीस दिवस माझ्याकडं राहिली. डॉक्टर म्हणाले हसू नका, टाके उसवतील, आणि तू माझ्या उशाशी बसून पेशन्स लावायची आणि स्वतःलाच शिव्या द्यायची. "मेली राणी, कुठं मरायला गेली!" मी पोट धरून रडायची-हसायची. मी चिडून तुझ्या अंगावर पानांची गड्डी फेकली, तर तू एकेक पान वेचून पुन्हा लावायला बसली. माझी वेणी घालून दिली. माझं मोरीतलं सगळं केलं. एवढं करणाऱ्या बाईला मी एक खरं वाक्य देऊ शकले नाही. उलट्या काळजाची आहे मी, दुसरं काय.

आता कालचं सांगते.

काल तुझा जलदान विधी झाला. तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, भन्तेजींनी वंदना घेतली, मग एकेक जण उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलला. तुझ्या मुलीनं, पिंकीनं, हिंदीतच सांगितलं, मराठी तिला समजते पण बोलताना अडते. छान बोलली पोरगी. मग भाऊजी उठले. काठी टेकत, चष्मा पुसत. म्हणाले, "चाळीस वर्षांच्या वर संसार केला. हात उचलणं तर सोडा, कधी आवाज चढवून नाही बोललो मी तिच्याशी. भांडण झालं असन तर पत्त्यावरून." लोक हळहळले. दोन बायकांनी डोळ्याला पदर लावला.

मी कधी उठले मला समजलं नाही. सतरंजीवर बसलेल्या माणसांच्या मधून गेले आणि कानाखाली वाजवली. ह्या वयातही हात जोरात बसला. त्यांचा चष्मा भन्तेजींच्या पायापाशी जाऊन पडला. पिंकी धावली, "मौसी, बस! बस करो!" मी म्हटलं, "कुकरचं झाकण होतं. पायरीवर घसरली नव्हती माझी बहीण. ह्यांनी जबडा मोडला तिचा." सगळं खुलं करून टाकलं, ताई. मला वाटलं, आता तुझ्या बाजूनं एक हात तरी मी केला.

भाऊजी गालावर हात ठेवून खाली बसले. नाही म्हणाले नाहीत. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मारलं. मीच मारलं, खोटं नाही बोलत आता. पन शालू, तुले माहीत होतं ना मी मारीन ते? ती कान ओढून राहिली होती, मले बी दिसून राहिलं होतं. अन् तू माह्या तोंडाकडं पाहून हसली. हसली, मग छक्की टाकली. सांग आता सगळ्यांसमोर, तुले दिसलं होतं का नाही?"

हसण्याचं मी वर लिहिलं नाही. लिहिता लिहिता टाळलं. हसले होते मी. त्या माणसाला हरताना पाहायचं होतं मला, आणि त्यासाठी तुझं जे व्हायचं ते होऊ दे असं एका क्षणापुरतं मला चाललं होतं.

सगळे माझ्याकडं पाहत होते. पिंकीही. पुन्हा 'नाही' म्हणता आलं असतं. दोनदा म्हटलेलंच होतं, तिसऱ्यांदा म्हणायला काय लागतं, आणि ह्या म्हाताऱ्याचं कोणी ऐकलं नसतं, नुकताच तो खोटा पडला होता.

मी म्हटलं, "हो. दिसलं होतं."

एवढ्या वर्षांत तुला जे सांगू शकले नाही ते मी काल पन्नास माणसांसमोर सांगितलं, ताई. सगळ्यांनी ऐकलं. भन्तेजींनी ऐकलं, पिंकीनं ऐकलं, भाऊजींनी ऐकलं. तेवढी तूच नव्हती.